केसांवर भांडी

नळाला पाणी पाचव्या दिवशी,
म्हणून डोकं धुण्याचा वारही ठरलेला.
न्हाणीच्या जाळीवर भिजल्या उंदरासारखा गुंता.
चिमटीत उचलते, पिळते,
बोटाभोवती गुंडाळून
चौकटीवरल्या भोकात खोचते.

सासूबाई म्हणतात, बोअरचं पाणी, जड.
जाऊ म्हणते, शाम्पू बदल.
आणि नवरा
भाकरीच्या पापुद्र्यातून एक लांब केस ओढून काढतो,
ताटाबाहेर ठेवतो,
पुन्हा जेवायला लागतो.
काही म्हणाला असता तर
भांडता तरी आलं असतं.

एकोणीस वर्षं मी कांड्या भरते,
अक्कलकोट रोडच्या टॉवेल कारखान्यात.
धागा तुटला की आधी कानाला कळतं, मग डोळ्याला.
थुंकीचं बोट, एक पीळ, गाठ.
मालकालासुद्धा जोड सापडत नाही.
परवा कंगव्यातले मोजले.
एकशे चाळीस. मग मोजणं सोडलं.

आईचा भांगही असाच रुंदावत गेला.
लग्नाला निघताना ती भांगातून काजळाची पेन्सिल फिरवायची,
आम्ही बहिणी हसायचो.
एकदा दाजी पेठेत, बालाजीच्या रांगेत,
मे महिन्यात,
तिच्या कपाळावरून एक काळा ओघळ उतरला.
तिनं पदर पुढं ओढला.
आम्ही तेव्हाही हसलो.

तिरुपतीला बाराव्या वर्षी सगळे दिले होते मी.
गार वारा डोक्याला लागला तर केवढं हलकं वाटलेलं.
ते देणं होतं.
आता मागितले कुणी?

सिव्हिलच्या कातडीच्या ओपीडीत
डॉक्टरीण माझ्या मुलीएवढी.
केसांची एक बट दोन बोटांत धरून हळूच ओढली,
सहा आले.
विचारलं, तीन महिन्यांपूर्वी काय झालं होतं?
ताप, म्हटलं. डेंगी. आठ दिवस सलाईन.
ती म्हणाली, केस लगेच नाही गळत.
शरीर हादरलं की वाढायचे थांबतात, तिथंच बसून राहतात,
आणि दोन-तीन महिन्यांनी
एकदम सुटतात.
रक्त कमी दिसतंय, तपासू. थायरॉइडही.
भांगाचं मात्र निराळं,
ते आईकडून आलेलं असू शकतं.
दोन्ही असतात कधी कधी, एकाच डोक्यात.

तापाच्या आधल्या आठवड्यात
संध्या भांडून पुण्याला निघून गेली,
अजून फोन नाही,
हे मी सांगितलं नाही.
मागं बावीस जणी उभ्या होत्या.

काल गल्लीत हाळी आली,
केसांवर भांडीऽऽ
माणकव्वानं भोकातला गोळा काढून तळहातावर तोलला.
"औंदा लई दिलंस की गं, आक्का."
दरसाल पिनांचा एक पत्ता देते ती.
यंदा वाटी. स्टीलची, तळाला पोचा आलेली.
विचारलं, कुठं जातात गं हे?
कलकत्त्याला म्हणे, तिथनं चीनला. टोप करतात.
म्हणजे कुठल्यातरी बाईच्या डोक्यावर
मी दाट असेन.

वाटीत लोहाच्या गोळ्या ठेवल्यात,
लाल, चिंचोक्याएवढ्या.
रात्री जेवल्यावर एक.

आज आरशाशी उजेडात वाकून पाहिलं.
कपाळाच्या कडेला बारीक केस उभे आहेत,
नव्या टॉवेलच्या लवेसारखे,
तेलाला न जुमानणारे.
कारखान्यात दिवे गेले तरी
बोटानं सांगते मी,
टोक तुटलेलं की नव्या कांडीचं.
इथं बोट फिरवलं,
पुन्हा फिरवलं.
नवे की तुटके,
कळलं नाही.